कूलंटचे जीर्ण जोड बदलताना : प्रकल्प नोंदी, सोलापूर

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

संध्याकाळी तुळजापूरहून परतल्यावर गाडी दारात लावली आणि सामान काढताना बॉनेटच्या बाजूने गोडसर, किंचित उग्र वास आला. तापलेल्या धातूवर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या द्रवाचा, थेंब पडून जळला की असाच वास येतो. जाताना घाट चढत असता तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर सरकला होता आणि सपाटीला लागल्यावर पुन्हा खाली आला होता. त्या वेळी एसी चालू असल्यामुळे तसे झाले असावे असे मी मानले होते, ते बरोबर नव्हते असे आता वाटते.

गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तीन वर्षांपूर्वी ती मी जुनी म्हणून घेतली आणि आजवर तिचे एक लाख बारा हजार किलोमीटर झाले आहेत. सर्व्हिसिंगच्या वहीत कूलंट बदलल्याची एकच नोंद आहे आणि तीही मागच्या मालकाच्या काळातील आहे.

रात्री इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंटची टाकी पाहिली, तर पातळी खालच्या खुणेच्याही बोटभर खाली होती. डिस्टिल्ड वॉटर घालून ती दोन खुणांच्या मध्ये आणली, तेथे मार्करने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. एकूण ४०० मिलिलिटर पाणी लागले.

शनिवार, १ मार्च

सहा दिवसांत जुळे सोलापूर या उपनगरातून कामावर जाणे-येणे यापलीकडे गाडी कोठेही गेली नाही, तरी रेघेपर्यंत पातळी आणण्यासाठी पुन्हा २०० मिलिलिटर पाणी घालावे लागले. कूलंट पेट्रोलसारखे खर्च होत नाही, ते बंद चक्रात फिरते. तेव्हा ते कमी झाले याचा अर्थ एक तर बाहेर सांडते आहे किंवा इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांमध्ये बसणाऱ्या हेड गॅस्केटमधून सिलिंडरात जाते आहे. दुसरी शक्यता महागडी असल्यामुळे तीच आधी तपासली. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, डिपस्टिकवरचे तेल नितळ आहे, पहाटे इंजिन सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर रेंगाळत नाही आणि इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडेही येत नाहीत. एवढ्यावरून गॅस्केट शाबूत आहे असे धरून पुढे जायचे ठरवले.

फरशीवर, गिअरबॉक्सच्या बरोबर खाली, रुपयाएवढा ओला डाग सापडला. बोटाला चिकट लागला, त्यामुळे ते एसीचे पाणी नव्हते.

रविवार, २ मार्च

ओळखीच्या एका गॅरेजमधून प्रेशर टेस्टर दिवसभरासाठी मागून आणला. हा साधा हातपंप असतो. टाकीच्या झाकणाच्या जागी तो बसवून आत हवा भरायची आणि घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा टिकतो की उतरतो ते पाहायचे. आमच्या टाकीच्या झाकणावर १.१ बार (बार हे दाबाचे एकक) असे लिहिलेले आहे, म्हणून थंड इंजिनावर १ बारपर्यंतच दाब दिला. पंधरा मिनिटांत काटा ०.७ वर आला.

या दाबाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे, कारण पाव लिटर कूलंट गेले तर वरून घालता येते, परंतु गेलेला दाब वरून घालता येत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी शंभराच्या थोडे अलीकडे, सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. बंद चक्रात वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब असेल, तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि निम्मे ग्लायकोल (कूलंटमधील मुख्य द्रव) असलेले मिश्रण त्याहूनही पुढे तग धरते. जोडाला चीर पडून दाब निसटू लागला की ही सवलत संपते. मग काटा धोक्याच्या खुणेला पोहोचण्यापूर्वीच सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, कूलंट जागच्या जागी उकळू लागते, वाफेचे पोकळ कप्पे तयार होतात आणि त्या जागेची उष्णता वाहून नेणारे काही उरत नाही. घाटात काटा वर का गेला, याचे उत्तर मला या तबकडीवर मिळाले.

गळती शोधण्यास एक तास लागला. थेंब गिअरबॉक्सखाली पडत होता, पण गिअरबॉक्सचा त्याच्याशी संबंध नव्हता. टॉर्च आणि लहान आरसा घेऊन ओलीचा माग खालून वर काढत गेलो, तेव्हा गिअरबॉक्सच्या पाठीवरून, वायरिंगच्या क्लिपवरून आणि एका ब्रॅकेटच्या कडेवरून तो थेट सिलिंडर हेडच्या डाव्या टोकाला पोहोचला. तेथे तीन बोल्टांवर बसवलेला काळ्या प्लास्टिकचा वॉटर आउटलेट, म्हणजे इंजिनातून कूलंट बाहेर पडण्याचा जोड, आहे. इंजिन तापल्यावर उघडून कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा थर्मोस्टॅट त्याच्याच आत असतो आणि तापमानाचा सेन्सरही त्यालाच बसतो. त्याच्या तोंडाच्या मुळाशी फिकट गुलाबी, मिठासारखा थर साचला होता. टिश्यू पेपरची पट्टी तेथे गुंडाळून पुन्हा दाब दिला आणि दोन मिनिटांत पट्टी भिजली. हीटरच्या पाइपांमध्ये असलेल्या प्लास्टिकच्या टी-जोडावरही केसाएवढी चीर दिसली. ती अजून गळत नव्हती, पण तिच्याही कडेला तोच गुलाबी थर धरू लागला होता.

गुरुवार, ६ मार्च

आउटलेट, टी-जोड आणि हीटरचा सरळ जोड, असे तिन्ही बदलायचे ठरवले. गळतो आहे तेवढाच बदलावा असा सल्ला दुकानात मिळाला, परंतु तिन्ही भाग एकाच वयाचे, एकाच उष्णतेत शिजलेले आणि काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचेच आहेत. चौदा वर्षांच्या गरम कूलंटने एकाचा चिवटपणा गेला असेल, तर बाकीच्या दोघांचाही गेलेला असणारच, आणि दर वेळी कूलंट काढून पुन्हा भरणे हा त्या जोडांच्या किमतीपेक्षा मोठा खर्च आहे.

आउटलेट ॲल्युमिनियमचाही मिळत होता. तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. धातूचा असल्यामुळे तो ठिसूळ होणार नाही हे खरे, पण होज (रबरी नळी) ज्या तोंडावर चढतो तेथे ओतकामाची उभी शीर तशीच राहिली होती आणि हेडला टेकणारी बाजू नखाला खरखरीत लागत होती. अशा शिरेच्या कडेने पाणी हमखास वाट काढते. मूळ प्रतीचा प्लास्टिकचा भाग चौदा वर्षे टिकला, तेव्हा तोच घेतला. त्यासोबत नवा थर्मोस्टॅट, सेन्सरची आणि आउटलेटची ओ-रिंग (जोडाची फट बंद करणारी रबरी कडी), सहा स्प्रिंग क्लिपा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे घट्ट (पाणी न मिसळलेले) कूलंट तीन लिटर आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे तीन कॅन घेतले. सगळे मिळून ४,१५० रुपये झाले.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नये. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग उत्पादक आपापल्या पसंतीने घालतात. त्यातील गंजरोधक रसायने कोणत्या जातीची आहेत हे रंगावरून कळत नाही, आणि दोन वेगळ्या जाती एकत्र केल्या तर दोन्हींचे संरक्षण कमी पडू शकते.

शनिवार, ८ मार्च

रात्री नवा थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला. त्याच्यावर ८८ हा आकडा कोरलेला आहे. पाण्यात तो दोऱ्याने असा लोंबकळत ठेवला की तळाला टेकू नये, मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब त्याच्या शेजारी सोडला आणि गॅस मंद ठेवला. ८६ पर्यंत काही हालचाल नव्हती. ८८ च्या सुमारास कडेला चंद्रकोरीएवढी फट पडली आणि पाणी खळखळू लागेपर्यंत ती चांगली रुंद झाली. जुना थर्मोस्टॅट निघाल्यावर त्याचीही अशीच परीक्षा घ्यायची आहे. पातेले या कामासाठीच बाजूला काढले. ते पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही.

रविवार, ९ मार्च

ऊन चढण्यापूर्वी काम व्हावे म्हणून सहा वाजता सुरुवात केली. इंजिन रात्रभर निवलेले होते. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली, एअर फिल्टरचा डबा, बॅटरी आणि तिचा ट्रे काढला. एवढे काढल्याशिवाय आउटलेटच्या तिसऱ्या बोल्टपर्यंत हात जात नाही. रेडिएटरच्या खालच्या होजमधून कूलंट परातीत घेतले. ३.६ लिटर निघाले, रंग विटकरी. इथिलीन ग्लायकोल गोड लागते आणि विषारी असते. गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून परात क्षणभरही उघडी न ठेवता सगळे लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरले.

होज काढताना गळतीचे मूळ कारण दिसले. गाडी मी घेण्यापूर्वी कोणीतरी आउटलेटवरची मूळ स्प्रिंग क्लिप काढून स्क्रूने आवळायची पट्टीची क्लिप लावली होती आणि ती इतकी आवळली होती की रबरात तिचे दाते रुतले होते. अशी क्लिप धातूच्या तोंडावर चालते. नायलॉन मात्र सततच्या उष्णतेत आणि दाबात सूक्ष्म प्रमाणात दबत जाते. ते दबले की पट्टी सैल होते, थेंब येतो, मग कोणीतरी ती आणखी आवळतो, आणि असे दोन-तीनदा झाले की तोंडाच्या मुळाशी चीर पडते. स्प्रिंग क्लिप इंजिन तापून भाग फुगला तर उघडते आणि निवला तर मिटते, तिचा दाब कायम राहतो. दिसायला ती ढिली वाटते, म्हणूनच ती बदलण्याचा मोह होत असावा.

होज हाताने पिळून सोडवत असताना आउटलेटचे तोंड खारी बिस्किटासारखे मोडले. जोर लावलाच नव्हता. मोडलेले तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या जुळवाव्यात तसे जुळवू लागलो, कारण एखादा तुकडा इंजिनात राहिला तर तो फिरत जाऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांपाशी किंवा थर्मोस्टॅटच्या फटीत अडकतो. सात तुकडे जुळले, पण कडेला नखाएवढी खाच रिकामी राहिली. हेडच्या भोकात टॉर्च टाकून पाहिले, चुंबकाचा येथे उपयोग नव्हता, शेवटी होजच्या आत बोट घालून फिरवल्यावर आठवा तुकडा आतल्या बाजूला चिकटलेला सापडला. तो जागेवर बसवून पाहिल्यावरच पुढच्या कामाला हात लावला.

तीनपैकी दोन बोल्ट सहज सुटले. तिसरा, अगदी खालचा, हलेना. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आहे आणि गळतीचे पाणी वर्षभर त्याच्या आट्यांत मुरलेले आहे, त्यामुळे दोन धातूंच्या मध्ये पांढरा गंज धरतो आणि बोल्ट जाम होतो. १० मिलिमीटरच्या गोटी पान्याने जोर करावा असे क्षणभर मनात आले, पण सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टची मान मोडायला वेळ लागत नाही आणि ती मोडली तर हेड उतरवून ड्रिल करण्याची पाळी येते. शेजारचे काका पूर्वी कापडगिरणीत फिटर होते, त्यांना बोलावले. त्यांनी बोल्टला हात न लावता आधी टॉर्च धरून पाहिले. “आज राहू दे रे हे,” ते म्हणाले, “गंज सोडवायचं तेल मार, डोक्यावर हलके चार ठोके दे अन् झाकून ठेव. उद्या सोडायच्या आधी पाव आटा आवळायचा, मग सोडायचा.” त्याप्रमाणे केले. गाडी उघड्या पोटाने दारात राहिली. तिच्यावर जुनी सोलापुरी चादर टाकली आणि भोकात स्वच्छ कापडाचा बोळा बसवला.

सोमवार, १० मार्च

संध्याकाळी बोल्ट निघाला. आधी केसभर आवळला, तेव्हा ‘कट्’ असा बारीक आवाज आला, आणि तो आवाज ऐकताच काकांनी “सुटला” असे सांगितले. तरीही सरळ बाहेर न काढता अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, मध्ये तेलाचा थेंब द्यायचा, असे करत तो वीस मिनिटांत काढला. आट्यांत पांढरी पूड भरलेली होती. काकांनी घरून सहाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) आणून भोकातले आटे हाताने साफ करून दिले.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवडीची सुट्टी. आजचा बहुतेक वेळ तळहाताएवढ्या जागेवर गेला, आणि माझ्या मते या कामातली खरी महत्त्वाची जागा तीच आहे. हेडचा जो सपाट भाग नव्या आउटलेटच्या ओ-रिंगला टेकतो, त्यावर जुन्या रबराची काळी कड आणि चुन्याचा करडा थर होता. स्क्रू ड्रायव्हरने हा थर चटकन निघतो, पण ॲल्युमिनियम मऊ असते आणि त्यावर पडलेला एक ओरखडाही ओ-रिंगखालून पाण्याला वाट करून देतो. म्हणून प्लास्टिकच्या पट्टीची कड घासून धारदार केली, थर कूलंटने भिजवून मऊ केला आणि थोडा थोडा खरवडला. शेवटी अगदी बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून दोन-चार हात फिरवले. डोळे मिटून नख फिरवल्यावर कोठेही अडखळले नाही, तेव्हा थांबलो.

जुनी ओ-रिंग कापून पाहिली. नवीचा छेद गोल आहे. जुनीचा दोन बाजूंनी चपटा झालेला आहे आणि बोटांनी दाबली तर ती परत फुगत नाही. परत फुगण्याच्या या शक्तीवरच सगळा जोड उभा असतो. ही रबरे ईपीडीएम जातीची असतात आणि खनिज तेलाने ती सुजून मऊ पडतात, म्हणून बसवताना इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस न लावता कूलंटचाच हात फिरवला. सिलिकॉनची ट्यूबही वापरली नाही. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला फुगीर कडेसारखे राहते, कालांतराने तुटते आणि रेडिएटरकडे जाते.

थर्मोस्टॅट वायुछिद्र वरच्या बाजूला ठेवून बसवला. तिन्ही बोल्ट हाताने टेकवले, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळत टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या १० न्यूटन मीटरवर आणले. जुन्या थर्मोस्टॅटची पातेल्यातली परीक्षाही झाली. तो ९४ ला उघडू लागला आणि पूर्ण उघडलाच नाही. घाटातल्या काट्याच्या कहाणीत त्याचाही वाटा होता तर.

नवे जोड बसवून चक्रात फक्त डिस्टिल्ड वॉटर भरले आणि प्रेशर टेस्टर लावला. १ बारवरून दहा मिनिटांत ०.९५. आउटलेट कोरडा, टी-जोड कोरडा. ओल सापडली ती रेडिएटरच्या खालच्या होजवर, म्हणजे जो जोड मी बदललाच नव्हता, फक्त कूलंट काढताना सोडला होता तेथे. क्लिप तोंडावरच्या गोल उंचवट्याच्या मागे बसण्याऐवजी बरोबर उंचवट्यावर बसवली होती. ती मागे सरकवल्यावर काटा वीस मिनिटे जागचा हलला नाही.

मग इंजिन पंखा लागेपर्यंत चालवले, निवू दिले आणि पाणी काढले. ते गढूळ निघाले, तळाशी पांढरट कण होते. मागे केव्हातरी बोअरचे पाणी घातले गेल्याची ही खूण आहे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो, तोच तापलेल्या इंजिनातही धरतो, कारण पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचा विरघळलेला अंश चुना होऊन खाली बसतो. दुसऱ्यांदा डिस्टिल्ड वॉटर भरून तसेच केल्यावर पाणी जवळपास नितळ आले.

शनिवार, १५ मार्च

कूलंट भरले. पुस्तिकेप्रमाणे चक्राची क्षमता ५ लिटर, पण काल संध्याकाळी शेवटचे पाणी ३.५ लिटरच निघाले, म्हणजे दीड लिटर पाणी ब्लॉक आणि हीटरमध्ये अडून आहे. अशा वेळी बाहेर निम्मे-निम्मे मिश्रण करून भरले तर आतल्या पाण्याने ते पातळ होते. म्हणून आधी अडीच लिटर घट्ट कूलंट ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. सोलापुरात पाणी गोठण्याची भीती नाही, तेव्हा कूलंट कशाला, हा प्रश्न काकांनीही विचारला. उकळबिंदू वाढतो हे एक कारण, पण मोठे कारण त्यातील गंजरोधक रसायने हेच आहे; साध्या पाण्याने ॲल्युमिनियमचे हेड आतून खाल्ले जाते.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढावर ठेवले, हीटर पूर्ण गरमवर केला, हवेचा स्क्रू सोडला आणि त्यातून अखंड धार येईपर्यंत वरचा होज हाताने दाबत राहिलो. ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे यंत्र) लावून तापमान पाहत होतो. ८८ नंतर खालचा होज गरम झाला, ९७ ला पंखा लागला, ९२ ला बंद पडला. असे तीनदा झाले. सेन्सर हवेच्या पोकळीत राहिला तर तो खोटे, कमी तापमान दाखवू शकतो, म्हणून केवळ आकड्यावर न राहता हीटरची हवा सलग गरम येते आहे याचीही खात्री केली.

रविवार, १६ मार्च

अक्कलकोटला जाऊन आलो. गाडी निवल्यावर पातळी रेघेच्या खाली, १२० मिलिलिटर घातले. अडून राहिलेली हवा निघाली की एवढी घट होते. टिश्यूच्या पट्ट्या सगळ्या जोडांवर गुंडाळल्या होत्या, त्या कोरड्या होत्या.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर घरच्या चौघांना घेऊन, एसी लावून, मुद्दाम दुपारी तुळजापूरला गेलो. फेब्रुवारीत याच घाटात काटा सरकला होता. या वेळी चढावर सर्वांत जास्त आकडा ९८ दिसला, पंखा लागला आणि दोन वळणांनंतर आकडा ९३ वर आला. वर पोहोचल्यावर बॉनेट उघडून वास घेतला. धूळ आणि तापलेल्या रबराचा होता, गोड नव्हता.

रविवार, १३ एप्रिल

चार आठवड्यांत पातळी रेघेवरच आहे. टिश्यूच्या पट्ट्या आज काढल्या. जुने कूलंट आणि गाळाचे पाणी, मिळून पाच कॅन, टाकाऊ द्रव गोळा करणाऱ्या एका गॅरेजला दिले. ते गटारात ओतलेले नाही. रेडिएटरचा खालचा होज टोकाला तडकलेला दिसतो, पावसाळ्याआधी तो बदलायचा आहे, आणि त्या वेळी त्याची क्लिपही नवी घ्यायची.